रेशनकार्डावरचे नाव

मागच्या अंकात आम्ही दहावीनंतरच्या वाटांविषयी लिहिले होते आणि या महिन्यात शिष्यवृत्तीच्या अर्जांविषयी लिहू, असे कबूल केले होते. तो विषय पुढच्या अंकावर टाकतो आहोत, वाचकांनी माफ करावे. मधले तीन आठवडे आमचे निम्मे लक्ष शाळेत आणि निम्मे दवाखान्यात होते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. सातवीतला एक मुलगा गुरुवारी आला नाही. तसा तो न चुकता येणारा. हजेरी घेताना त्याच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, उसके अब्बा को अटॅक आया. रात को अॅम्ब्युलन्स आयी थी." वडील म्हणजे हायवेवर टायरपंक्चरचे दुकान चालवणारा, चाळिशी नुकतीच ओलांडलेला माणूस. आमची सायकल आणि नंतरची स्कूटर त्यांच्याच हातून गेलेली.

आधी चांगले झाले ते सांगतो, कारण सरकारी दवाखान्यात काहीच होत नाही असे म्हणायची आपल्याला सवय झाली आहे. आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात त्या रात्री ड्यूटीवर डॉक्टर होते. त्यांनी ईसीजी काढला, गोळ्या दिल्या, गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन दिले आणि १०८ नंबरची गाडी बोलावली. ही १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली. तिच्याआधी असा रुग्ण जीपमध्ये घालून न्यावा लागे. कित्येक जण रस्त्यातच जात, आमचे मामूही त्यातलेच.

खरी अडचण जिल्ह्याच्या ठिकाणी आली. सरकारी रुग्णालयात अँजिओप्लास्टीची सोय नव्हती, म्हणून योजनेत असलेल्या एका खासगी रुग्णालयात पाठवले. तिथे आरोग्यमित्राच्या टेबलावर कागद मांडले गेले आणि तिथेच गाडी अडली. रेशनकार्डावर नावाआधी शेख आणि बापाच्या नावाआधी पुन्हा शेख. आधारकार्डावर शेख एकदाच आणि तेही शेवटी, आडनावासारखे. बायकोचे नाव एका कार्डावर 'बी' लावून, दुसऱ्यावर 'बेगम' लावून. संगणकाच्या हिशेबी ही दोन वेगळी कुटुंबे. योजना मिळाली नाही तर दीड लाखाच्या आसपास खर्च येईल, असे सांगण्यात आले.

शुक्रवारी जुम्यानंतर मशिदीच्या दारात चादर धरली गेली. व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरला, त्यात खाली कुणाचा तरी गूगल पे नंबर. असरपर्यंत एक्केचाळीस हजार जमले. आमच्या मोहल्ल्याचे हे फार मोठे गुण आहे, की माणूस अडला म्हटल्यावर कुणी जात-जमात, फिरका, उधारी बघत नाही. पण चादर धरणाऱ्या चाचांना आम्ही विचारले, की योजनेचे काय झाले, तर ते म्हणाले, "वो सब कागज का चक्कर है सर, अपने को कहाँ मिलता." त्यांनी रागाने नाही म्हटले. पावसाळ्यात पाऊस पडतो, इतक्या सहज म्हटले. आमचे मन तिथे अडकले.

मिळते, असे आम्ही त्यांना सांगितले. निदान मिळायला हवे. ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ च्या नोव्हेंबरात सगळ्या राज्यात गेली. पिवळे किंवा केशरी कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार. सरकार बदलले. २०१७ साली योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ च्या सप्टेंबरात केंद्राची आयुष्मान भारत आली, तिची पाच लाखांची मर्यादा, आणि तिच्यासाठी २०११ च्या सर्वेक्षणाची यादी. दोन्ही योजना जोडल्या गेल्या. मग २०२३ च्या जुलैत राज्याने निर्णय घेतला, की कार्ड पिवळे असो, केशरी असो की पांढरे, महाराष्ट्रातल्या प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांचे संरक्षण, आणि २०२४ च्या जुलैपासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. म्हणजे बारा वर्षांत तीन-चार सरकारे आली, एकानेही ही योजना बंद केली नाही, उलट प्रत्येकाने ती वाढवली. आपल्या राजकारणात असे क्वचित घडते. पाटीवरचे नाव आणि फोटो बदलले, टेबल तेच राहिले. त्या टेबलावर बसलेला मुलगाही तसा तोच राहिला, कंत्राटी, बारा-पंधरा हजारांत राबणारा, ज्याला नाव जुळत नसेल तर पुढे काय करायचे हे कुणी नीट शिकवलेले नाही.

आम्ही शनिवारी सकाळच्या शाळेनंतर निघालो. बसमध्ये योजनेच्या १५५३८८ या नंबरवर फोन लावला. तिथे सांगितले, की तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून कागद नंतर देता येतात, आणि दोन्ही नावे एकाच माणसाची असल्याचे प्रतिज्ञापत्र चालू शकते. हे वाक्य ज्याला दोन दिवस आधी ऐकायला मिळाले असते, त्याने चादर धरली नसती. टेबलावरच्या मुलाला आम्ही उलट बोललो नाही. तो आमच्याच विद्यार्थ्यांच्या वयाचा होता. त्याने त्याच्या वरच्या माणसाला फोन केला, आम्ही कोर्टाजवळून प्रतिज्ञापत्र करून आणले, भाभींनी थरथरत्या हाताने सही केली आणि संध्याकाळी मंजुरी आली. रविवारी स्टेंट बसला.

स्टेंटचीही एक गोष्ट आहे. २०१७ च्या फेब्रुवारीपर्यंत औषधी लेपाचा स्टेंट लाख-सव्वा लाखाला सर्रास विकला जाई. मग केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कमाल किंमत ठरवली, साध्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधी लेपाच्या स्टेंटला २९,६०० रुपये, कर वेगळा. वस्तू तीच, कारखाना तोच, आणि एका सरकारी आदेशाने किंमत चौथाईवर. म्हणून कुणी 'सरकारने बाजारात हात घालू नये' असे म्हटले, की आम्हाला हा आकडा आठवतो.

इथपर्यंत वाचून वाचकांना वाटेल, की योजना चांगली, कागद नीट करा, मिटले. आमचेही रविवारपर्यंत तेच मत होते. सोमवारी वॉर्डात त्यांच्या उशाशी बसलो असताना डॉक्टरांनी विचारले, "बीपी कधीपासून आहे?" ते म्हणाले, पाच-सहा वर्षे. गोळी? आधी घेत होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळायची. मग दोन महिने आलीच नाही, पुढे गेल्यावर 'बाहेरून घ्या' म्हणून चिठ्ठी मिळाली, दुकान बंद ठेवून रांगेत उभे राहायचे आणि हातात चिठ्ठी घेऊन परत यायचे, म्हणून सोडली. बीपीची गोळी. महिन्याला किती रुपयांची असेल?

गोळी नव्हती म्हणून लाखाचा स्टेंट लागला, असे डॉक्टरांनी म्हटले नाही, आम्हीही म्हणत नाही. सिगारेटही होती. पण ज्या व्यवस्थेला लाखाचे बिल भरता येते, तिला ती गोळी का पुरवता येत नाही, हा प्रश्न आमच्याबरोबर बसमध्ये घरापर्यंत आला. विमा योजना शस्त्रक्रियेचे पैसे देते. रोजच्या गोळीचे, ओपीडीतल्या तपासणीचे, बाहेरून आणायला लावलेल्या औषधाचे देत नाही. ते काम आरोग्य केंद्राचे. आणि शस्त्रक्रियेचा लाभार्थी फोटोत दिसतो, त्याच्या हाती कार्ड देता येते. वेळेवर गोळी मिळून ज्याला अटॅक आलाच नाही, त्याचा फोटो कसा काढणार?

हा वाद नवा नाही. सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल १९४६ साली आला, देश स्वतंत्र होण्याच्या आदल्या वर्षी. पैसे नाहीत म्हणून कुणाला उपचार नाकारले जाऊ नयेत, हे तत्त्व त्यात आहे, आणि त्यासाठी खेड्याजवळ प्राथमिक आरोग्य केंद्र हवे, ही कल्पनाही त्यातलीच. आज नियमाप्रमाणे तीस हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, पाच हजारांना एक उपकेंद्र, आदिवासी व डोंगरी भागात वीस हजारांना आणि तीन हजारांना. कागदावर मांडणी सुंदर आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिले होते, की २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. २०२१-२२ च्या सरकारी हिशेबात तो १.८४ टक्के होता, आणि ते कोविडचे वर्ष होते. त्याच हिशेबात एक दिलाशाचा आकडाही आहे. एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१४-१५ मध्ये ६२.६ टक्के होता, तो ३९.४ वर आला. सुधारणा होत नाही असे नाही. पण ३९.४ म्हणजे शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये अजून आपलेच, चादरीतले.

मग तक्रार कुणाकडे करायची? इथे एक गंमत आहे, आणि आमच्यासारख्या शिकलेल्यांनाही ती ठाऊक नसते. आपण 'सरकारी दवाखाना' एकच समजतो. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे. ग्रामीण रुग्णालय आणि जिल्ह्याचे सिव्हिल राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे. घाटीसारखे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे. शहरातला दवाखाना महापालिकेचा. म्हणूनच १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले, अशी बातमी वाचून लोक वैद्यकीय महाविद्यालयात गेले आणि तिथे केसपेपरचे पैसे मागितल्यावर भांडले. तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांपुरता होता. भांडणारा चुकला नव्हता, खिडकीवरचाही चुकला नव्हता.

जिल्हा परिषदेचे म्हटले, तर एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते आणि तिच्यावर कुणी बोलत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. आरक्षणाचा वाद कोर्टात होता, निवडणुका लांबल्या आणि तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक कारभार पाहत राहिले. आमच्या गटाचा सदस्य फार कर्तबगार होता असे नाही, खरे सांगायचे तर लग्नात जास्त दिसायचा. पण आरोग्य केंद्रात गोळ्या नाहीत म्हटल्यावर त्याच्या घराच्या ओट्यावर जाऊन चार बायका त्याला बोलू शकत होत्या. तो तिथून सभापतींना फोन लावायचा, निदान लावल्यासारखे करायचा. प्रशासकाच्या ओट्यावर कुणी जाऊ शकत नाही. गोळ्या ज्या काळात बंद झाल्या, तो काळ आणि हा काळ एकच होता. दोन्हींचा संबंध आम्ही सिद्ध करू शकत नाही. तरी विचारायला जागा नव्हती, एवढे मात्र खरे.

औषधखरेदीचे राजकारण वेगळेच. तामिळनाडूने १९९४ साली औषधांसाठी स्वतंत्र महामंडळ काढले. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामे आणि प्रत्येक दवाखान्याला पासबुक. आपल्या वाट्याचे किती उचलले, किती उरले, हे डॉक्टरला त्यात दिसते. आपल्याकडे २०१७ साली खरेदी हाफकिनकडे सोपवली, पैसे पडून राहतात आणि औषध येत नाही अशा तक्रारी वर्षानुवर्षे झाल्या, आणि २०२३ मध्ये वेगळ्या खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबर उजाडताना नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बालके. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याआधी एका खासदाराने तिथल्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू दिला आणि शौचालय साफ करायला लावले, कॅमेऱ्यांसमोर. आम्ही शिक्षक आहोत. वर्गात सगळ्यांसमोर एकाला उभे करून झोडपले, की वर्ग सुधारतो असे वाटते आणि सुधारत काही नाही, हे आम्ही स्वतः करून पाहिले आहे.

राजस्थानने याच २०२३ साली दुसरी वाट धरली. २१ मार्चला तिथल्या विधानसभेने आरोग्य हक्काचा कायदा मंजूर केला, देशातला पहिला. अपघात, प्रसूती, तातडीचा प्रसंग असेल, तर आगाऊ पैसे न मागता उपचार करायचे, पैसे नंतर सरकार देईल. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, दवाखाने बंद झाले. त्यांचा सवाल होता, की सरकार पैसे कधी देणार? सवाल अगदीच पोकळ नाही, आपल्या योजनेतही रुग्णालयांची बिले रखडल्याच्या तक्रारी असतात. दोन आठवड्यांत तडजोड झाली आणि पन्नास खाटांच्या आतली, सरकारची जमीन-सवलत न घेतलेली खासगी रुग्णालये कायद्यातून वगळण्याचे ठरले. कायदा अर्धा झाला. तरी 'योजना' आणि 'हक्क' यांत फरक आहेच. योजनेत नाव जुळत नसेल तर आपण हात जोडतो. हक्क असेल तर समोरच्याने कारण द्यावे लागते.

महाराष्ट्रात हक्कासारखी एक गोष्ट आधीपासून आहे आणि ती वापरणारे थोडे. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, अशी योजना उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केली. त्यासाठी बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा होते. मोहल्ल्यातल्या कुणाला मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचे असेल, तर आधी तिथल्या समाजसेवा विभागाचे दार ठोठवावे. उत्पन्नाचा दाखला मात्र घरी तयार असू द्यावा.

आमच्या आशाताईंचाही उल्लेख इथेच व्हायला हवा. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यातून आशा आल्या. त्या नोकर नाहीत, 'स्वयंसेविका' आहेत, म्हणून पगार नाही, मोबदला आहे. २०२४ च्या सुरुवातीला त्या आझाद मैदानावर जाऊन बसल्या, तेव्हा कुठे मार्चमध्ये महिना पाच हजारांची वाढ निघाली. आमच्या भागातली आशा मराठी शाळेत शिकलेली हिंदू बाई आहे आणि तिने आमच्या मोहल्ल्यात फिरून फिरून इतकी दखनी उचलली आहे, की परवा तिने आम्हालाच 'कैसे हैं मास्टर साब' म्हणून थांबवले. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, मालेगाव, भिवंडीत गोवराने मुले दगावली, तेव्हा आमच्या मोहल्ल्यात लसीला नाही म्हणणारी सात घरे होती. तिने इमामसाहेबांना गाठले, जुम्याच्या बयानात दोन वाक्ये बोलायला लावली आणि सातपैकी सहा घरे उघडली. सातव्या घरी ती अजून जाते. या बाईला निवृत्तिवेतन नाही.

उपकेंद्राच्या पाटीवर हल्ली 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असे लिहिलेले असते. आधी ते 'आरोग्यवर्धिनी' होते, २०२३ अखेर केंद्राने नाव बदलले. मोहल्ल्यातल्या काही जणांना ते खटकले. आम्ही त्यांना म्हटले, खटकले तर खटकू द्या, केरळच्या सरकारलाही खटकले होते. पण आत जा आणि तीस वर्षांवरच्यांची बीपी-शुगर तपासणी होते का, गोळी आहे का, ते विचारा. पाटी वाचून दारातूनच परत आलात, तर नुकसान पाटीचे होणार नाही.

रुग्ण आता घरी आहे. दुकान महिनाभर बंद. चादरीतले एक्केचाळीस हजार वाया गेले नाहीत. योजना नातेवाइकांच्या जेवणाचे, लॉजचे, बुडालेल्या रोजीचे पैसे देत नाही, आणि दुकानाचे भाडे थांबत नाही. भाभींनी त्यातले पंधरा हजार परत केले, चाचांनी ते घेतले नाहीत, सध्या ते मशिदीच्या हिशेबवहीत पडून आहेत.

मुलगा शाळेत आला त्या दिवशी आम्ही ऑफिसमधून जनरल रजिस्टर मागवले. रेशनकार्डावर 'शेख' दोनदा, आधारवर शेवटी एकदा. रजिस्टरात मुलाच्या नावात 'शेख' कुठेच नव्हते. नुसते त्याचे नाव आणि वडिलांचे नाव. अक्षर आमचे होते. सात वर्षांपूर्वी पहिलीच्या प्रवेशाच्या गर्दीत आम्हीच ते लिहिले होते, बहुधा एका दिवसात साठ-सत्तर नावे उतरवताना, 'शेख तर सगळेच आहेत' असे मनात म्हणून. आम्ही पाने उलटत गेलो. त्या एका वर्गात अशी अकरा नावे निघाली.

मूल शाळेत आहे तोवर ही दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने होते. शाळा सोडल्यावर तीच फार अवघड जाते. मुख्याध्यापकांशी बोललो आहोत. येत्या दोन रविवारी शाळा उघडी ठेवायची आहे. पालकांनी रेशनकार्ड, आधार, मुलाचा जन्मदाखला आणि असेल तर जुने मतदार ओळखपत्र घेऊन यावे. नाव कसे लिहायचे, हे आधी घरात बसून ठरवावे, आणि आईचे नावही ठरवावे, 'बी' की 'बेगम'. प्रस्ताव आम्ही लिहून देऊ. त्या अकरा नावांपासून सुरुवात आहे.